बटनावरचं कुंकू

हात निघंना. मी वढती, तो निघंना. वरून प्रेस खाली बसलेली आन् तिच्याखाली मपला डावा हात, ग्लोजसकट. मला वाटलं गेली बोटं. दुखत नव्हतं, म्हनून जास्तच भेव वाटलं, कारन बोट तुटलं तर आधी दुखतच नाय असं कुठं तरी ऐकलेलं. रगत दिसंना. मी वरडले का नाय ते बी आठवत नाय. डोक्यात एकच, आता पोरीला कोन्या हातानं धरायचं. डाव्या कडंवर घेती मी तिला आन् उजव्या हातानं सगळं काम. डावा गेला तर पोरगी कुठं ठेवू.

शेजारच्या मशीनवरच्या बाईनं हात वर केला. सुपरवायझर पळत आला. वाकला. मशीनच्या खालून बघितलं. फिटरला म्हनला, "डायला काय झालं का बघ आधी."

डाय म्हंजे तो लोखंडी साचा. त्याच्यात पत्रा ठेवायचा, वरून दाब पडला की पत्र्याला वाटीसारखा आकार येतो. साचा महाग असतो म्हनं. मपल्या तोंडाकडं त्यानं बघितलं नाय. हाताकडं बी नाय. साच्याला काय नाय झालं हे कळल्यावर मग फिटरनं चाक फिरवून प्रेस वर घेतली.

हात सुटला. ग्लोजच्या मधल्या दोन बोटांचे शेंडे चपटे होऊन फाटलेले. मी ग्लोज काढंना. काढला आन् आत बोटं नसली तर. शेवटी फिटरनंच काढला. बोटं व्हती. सगळी व्हती. तो ग्लोज गड्याच्या मापाचा, मपल्या बोटांच्या पुढं नुसताच लोंबायचा. त्या रिकाम्या कापडावर प्रेस पडली. एक नख काळं झालं, तेवढंच.

मापाचा ग्लोज नव्हता म्हनून मी वाचले. शिकले म्हनून नाय वाचले.

मग सुपरवायझर वरडायला लागला. वरडता वरडता त्यानं एक गोष्ट केली ती मी बघितली. प्रेसला दोन बटनं असतात, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. डाव्या बटनावर चिकटपट्टी व्हती, बटन आत दाबून वरून पट्टी मारलेली. मी कामाला लागले तवापासून ती तशीच व्हती. मला वाटायचं मशीनच तशी हाय. त्यानं ती पट्टी नखानं उचकटली, तिची गोळी केली आन् खिशात घातली. तोंड चालूच व्हतं. माझ्याकडं बघून बोलत व्हता आन् हात तिकडं काम करत व्हता. मला तवा काय समजलं नाय. पन चोर कसा हात फिरवतो ते कळतं मानसाला.

चहाची सुट्टी झाली. सगळे गोळा झालते. त्यानं मला मधी उभं केलं.

"सर्टिफिकेट कशाचं आहे तुझं?"

मी म्हनलं, प्रेस ऑपरेटरचं.

"मग सांग सगळ्यांना. दोन बटनं कशाला असतात?"

मी म्हनलं, एक चालू करायचं, एक बंद करायचं.

हसले. बाया बी हसल्या, पन खाली बघून. तो म्हनला, "घरी भाकर एका हातानं थापती का गं?" आन् परत हसले. मग म्हनला, असल्यांना सर्टिफिकेट कशाला देतात, लाटनं द्या हातात. सरकार ह्यांच्यावर खर्च करतं, आन् वर आम्हाला सांगतं की राज्य पुढं न्यायचंय.

मला वाटलं झालं, आता घरी जाऊ द्या. नाय. त्यानं मला तो फाटका ग्लोज परत घालायला लावला आन् गेटवर उभं केलं, शिफ्ट सुटंपर्यंत. वॉचमनच्या खुर्चीपाशी. "ग्लोज काढू नको. सगळ्यांना बघू दे शिक्षन काय असतं ते."

सगळी शिफ्ट मपल्या समोरून गेली. कोन हळहळलं, कोन हसलं, एकानं मोबाईल काढला. तहान लागली व्हती. वॉचमनपाशी पान्याची बाटली व्हती, मी मागितली नाय. बसमधी बसल्यावर मी बजाजनगरला घरापर्यंत हात पदरात घालून बसले. हात धड असून लपवत व्हते.

दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हनले.

आता हे सर्टिफिकेट कसं आलं ते सांगती, कारन ह्याच्यात मपलं काय चुकलं ते मी लई शोधलंय.

आमच्या गल्लीत एक गाडी आलती, भोंगा लावून. महिलांना मोफत ट्रेनिंग, जायला यायला बस, दुपारचा डबा, ॲप्रन, वरून नोकरी. मी दारात भांडी घाशीत व्हते. मपल्या मनात पयलं हेच आलं की फुकट कामून देत्यात? आमच्या पैठनकडं फुकट कायच नसतं. मालक म्हनले जाऊन तर बघ. मालक म्हंजे मपला नवरा, गोडाऊनमधी माल चढवायचं काम करतो. शेजारच्या रुबिना भाभी म्हनल्या, तू जा, पोरीकू मैं देखती. तिला दोन लेकरं, त्यात मपली तिसरी. मी गेले.

खरं सांगू का. मला शिकायचं व्हतं. आठवीत शाळा सुटली, पुढची शाळा दुसऱ्या गावात आन् एसटीचा टाईम जुळंना, बाप म्हनला पुरे. आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर व्हता. त्याच्यावर कापड व्हतं, कापडावर धूळ व्हती. गुरुजी म्हनायचे लांबून बघा. लांबून बघून आम्ही कॉम्प्युटरच्या तासाला पास झालो.

सेंटर छावनीच्या अलीकडं, फर्निचरच्या दुकानावर. जिना चढला की मोठा बोर्ड, कुशल हात समृद्ध राज्य. हॉलमधी कोपऱ्यात एक प्रेस. हिरवी, नवी. तिला झेंडूचा हार घातलेला, दसऱ्याची पूजा झाल्याली. दोन्ही बटनांवर हळदकुंकू. पयल्या दिवशी शिकवनारे सर म्हनले, "ही तुमची लक्ष्मी. आधी पाया पडा."

आम्ही पडलो. मग रोजच पडायला लागलो. जिना चढायचा, चप्पल काढायची, हजेरीच्या मशीनवर अंगठा लावायचा, मशीनच्या पाया पडायचं, सतरंजीवर बसायचं. पूजेच्या वस्तूला हात कसा लावायचा, म्हनून कोनी लावला नाय. कोनी म्हनलं बी नाय की सर, ही चालू कधी करनार. हार वाळला. फुलं गळाली. दोरा राहिला. बटनावरचं कुंकू तसंच, कारन बटनाला बोटच लागलं नाय.

एकच मशीन रोज चालायची तिथं. अंगठ्याची.

आन् आम्हाला शिकवलं काय? इंग्रजीत नाव सांगायला. ॲप्रन घालून फोटोला उभं राहायला. एकदा पाव्हने आले, भाषन झालं. कंपन्या येनार हायेत, कंपन्यांना शिकलेले हात पायजेत, तुमच्या हातावर राज्याचं भविष्य हाय. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमचेच हात, आमच्याच टाळ्या.

आन् फोन. फोन लई शिकवला. सर सांगायचे, ट्रेनिंग झाल्यावर सरकारच्या मोठ्या हापिसातून फोन येतो, विचारतात. मग ते सोता हापिसवाले व्हायचे, हात कानाला लावायचे, आन् एकेकीला उभं करायचे. मशीनवर शिकवलं का? हो. डबा मिळाला का? हो. नोकरी चालू आहे का? हो. समाधानी आहात का? हो, समाधानी आहे. "नाय" म्हनलं की सर म्हनायचे, "नाय" नाही, "हो" म्हन. "व्हय" म्हनलं तरी चालायचं नाय. नीट, मोठ्यानं, हो. एकमेकींना विचारायला लावायचे. आम्ही हसायचो. नाटक केल्यावानी वाटायचं. पन बसलं ते. झोपीत विचारलं तरी हो आलं असतं.

ह्याचं मातर ट्रेनिंग पूर्न झालं.

गेटवर उभं केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत व्हते. काळं नख ठनकत व्हतं. दोन्ही हात पिठात. पोरगी चुलीकडं रांगत गेली, गॅसच हाय आमचा, पन खालीच ठेवलाय. मी म्हनलं थांब गं, मपले दोन्ही हात गुतल्यात. आन् तिथंच थांबले. दोन्ही हात गुतल्यात. दोन्ही हात भाकरीवर असले तर एक बी हात तव्यावर जाऊ शकत नाय. दोन बटनं. दोन्ही हात बटनावर असले तर आत कोनता हात राहील? कोनताच नाय. म्हनून दोन बटनं असत्यात. हात बाहेर ठेवायला. पट्टी मारून एक बटन आधीच दाबून ठेवलं की एका हातानं पत्रा सारायचा, एका हातानं दाबायचं. काम पळतं. आन् हात आत राहतो.

पट्टी मशीनची नव्हती. पट्टी मारल्याली व्हती. आन् त्यानं ती खिशात घातली.

मी पोरीला उचललं, पिठाच्या हातानंच. एवढीच तर गोष्ट. एका भाकरीएवढी. ती सांगायला किती वेळ लागतो? मग सेंटरमधी कामून नाय सांगितली? का त्यांनाच येत नव्हती? का येत व्हती आन् नाय सांगितली? मला अजून कळंना की ह्यातलं कोनतं जास्त वाईट.

दोन-तीन दिवसांनी सर घरी आले. पयल्यांदा आले आमच्या खोलीवर. बिस्किटचा पुडा आनला, पोरीला मांडीवर घेतलं. मला आवडलं नाय. ज्या मानसानं ट्रेनिंगमधी कधी पानी पिली का म्हनून विचारलं नाय त्याला मपल्या पोरीचा पुळका कामून? म्हनले, झालं ते झालं, आता तो फोन येनार आहे. जसं शिकवलं तसं सांग. मग आवाज खाली घेतला. म्हनले, "नाही म्हणलीस तर तुझं सर्टिफिकेट रद्द होईल. आणि रुबिनाचं काय? तिला कंपनीत तुझ्याच जागेवर लावतोय."

रुबिना भाभीनं मपलं सर्टिफिकेट भिंतीवर बघून नाव घातलं व्हतं. नव्या बॅचमधी. मला ते माहीत व्हतं. पन तुझ्याच जागेवर, हे माहीत नव्हतं. मपली जागा म्हंजे ती प्रेस.

सर गेल्यावर मी पोरीचे हात धुतले. कामून धुतले ते सांगता येत नाय.

भाभीला सांगितलं. दोन वाट्या जमिनीवर पालथ्या ठेवल्या, एक इकडं एक तिकडं, मधी ताट. म्हनलं ही बटनं, हा साचा. दोन्ही हात वाट्यांवर ठेव. आता तुझा हात ताटात येतो का? नाय येत. आता ही वाटी पट्टीनं दाबली असं समज. आता? तिनं बघितलं. समजलं तिला. ती काय येडी नाय. पन म्हनली, "फोन पे हो बोल दे ना. तेरा क्या जाता?"

मी म्हनलं, "तुझा हात जातो."

"मेरा हात मैं संभाल लूंगी. तू तेरी जबान संभाल."

तिच्या पोरीच्या शाळेचं म्हनली मग. की नोकरी लागली तर पोरीला चांगल्या शाळेत घालायचं. म्हंजे तिला बी तेच पायजे जे मला पायजे व्हतं. आन् मी बोलले तर जाईल ते तिचंच. मालक बी तेच म्हनले. आपल्याला काय करायचंय, हो म्हन आन् मोकळी हो. सगळ्यांना माझ्याकडून एकच शब्द पायजे व्हता.

फोन आला तवा मी नळावर व्हते. ओल्या हातानं उचलला. बाईचा आवाज. गोड. अमुक ट्रेनिंगबद्दल बोलतोय, माहिती घ्यायची आहे.

"मशीनवर प्रशिक्षण मिळालं का?"

आन् मपल्या तोंडातून आलं, हो. सोताहून आलं. मी म्हनलंच नाय, जिभेनं म्हनलं. नीट, मोठ्यानं, सरनी शिकवलं तसं. मग मलाच मपला आवाज ऐकू आला. नळ तसाच वाहत व्हता, मागची बाई म्हनत व्हती हंडा बाजूला घे. माझ्यासमोर ते गेट आलं. आन् गेटवर मी नाय, भाभी उभी. ग्लोज घातलेली. ग्लोजमधी बोटं हायेत का नाय ते दिसंना.

मी म्हनलं, "मॅडम, ते हो खोडा. नाय मिळालं. मशीन चालूच नव्हती केली."

ती म्हनली हो किंवा नाही मध्ये सांगा. मी म्हनलं नाय. नोकरी चालू आहे का? नाय. समाधानी आहात का? नाय. मी सांगायला लागले पट्टीचं, ग्लोजचं, ती म्हनली हे यात येत नाही ताई. आन् फोन ठेवला.

मग मला भेव वाटलं. आधी नव्हतं वाटलं एवढं. तो आवाज कोनाचा व्हता? सेंटरच्या हापिसात एक पोरगी बसायची, तसाच वाटला. सरनी मला बघायला तर नाय केला फोन? का खराच व्हता? कारन मालक कामावरून येतात न येतात तोच त्यांना सरचा फोन. तुमच्या बायकोनं काय केलं माहिती आहे का. एवढ्या लवकर कसं कळलं त्यांना? मोठ्या हापिसाला सांगितलेलं सेंटरला जातं, का सेंटरच मोठं हापिस हाय? मला अजून बी माहीत नाय. मी कोनाला नाय म्हनले हेच मला माहीत नाय. पन म्हनले.

सकाळी पोरीला कडंवर घेतलं, फाटका ग्लोज पिशवीत घातला. तो मी आनला व्हता घरी, कोनी परत मागितला नाय. सेंटरवर गेले. जिना चढले. नव्या बॅचच्या बाया मशीनच्या पाया पडत व्हत्या. भाभी चप्पल काढून बाजूला उभी व्हती, ती पाया पडत नाय, पन हात बी लावत नाय. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सर आतून आले.

मी पोरीला सतरंजीवर ठेवलं. मशीनपाशी गेले. पदर तोंडात ओला केला आन् बटनावरचं कुंकू पुसायला लागले. निघंना लवकर. वाळून पापुद्रा झालता. बाया चरकल्या. एक म्हनली अगं असं नको करू, पाप लागंल. मला बी वाटत व्हतं लागंल. तरी मी घासलं.

सर म्हनले, "देवाच्या वस्तूला हात लावू नको."

मी म्हनलं, "देवाची असंल तर देवळात ठिवा, सर. आम्हाला चालू करून द्या."

आन् दोन्ही हातांनी दोन्ही बटनं दाबली. काय झालं नाय. परत दाबली. मग मी मशीनच्या मागं गेले. वायर गुंडाळून बांधल्याली, दुकानातून येती तशी, दोरी बी न सोडल्याली. टोकाला प्लगच नव्हता. मी ती वायर वर धरली, सगळ्यांना दिसंल अशी.

सर म्हनले लाईटचं काम चालू आहे. वर पंखा फिरत व्हता. सगळ्या बायांनी वर पंख्याकडं बघितलं आन् खाली बघितलं.

मी पिशवीतून ग्लोज काढला, एकीकडून दुसरीकडं दिला. म्हनलं ह्याच्यात मपली बोटं व्हती. आन् दोन बटनं कशाला असत्यात ते सांगितलं. भाकरीचं सांगितलं. तेवढंच येतं मला, तेवढंच सांगितलं. सर म्हनले पोलिसांना बोलवू का. मी म्हनलं बोलवा.

भाभीनं ग्लोज हातात घेतला. आत बोट घालून बघितलं, फाटक्या शेंड्यातून तिचं बोट बाहेर आलं. तिनं ते पाहिलं. मग ग्लोज दुसरीला दिला आन् जाऊन अंगठा लावला. माझ्याकडं बघितलं नाय. मी तिला नाव ठेवत नाय. तिच्या पोरीची शाळा माझ्या बोलन्यानं व्हनार नाय.

आता भाभी मपल्या पोरीला सांभाळत नाय. मालक बोलत नायत. सर्टिफिकेट मी भिंतीवरून काढलंय, फाडलं नाय, सुपरवायझरनं परत विचारलं कशाचं सर्टिफिकेट, तर दाखवायला लागंल.

सोमवारी कंपनीची गाडी येनार हाय, नव्या बॅचला न्यायला. भाभी जानार हाय. मी तिच्या आधी तिथं असंन. ज्या गेटवर मला उभं केलं त्याच गेटवर, वॉचमनच्या खुर्चीपाशी, पोरगी डाव्या कडंवर आन् उजव्या हातात फाटका ग्लोज घालून. ह्या वेळी मला कोनी उभं करनार नाय, मी सोता उभी राहीन. आत जानाऱ्या एकेकीला सांगीन, बसायच्या आधी डावं बटन बघ. पट्टी असंल तर बसू नको. मंगळवारी बी उभी राहीन. हाकललं तर रस्त्याच्या पलीकडं उभी राहीन, रस्ता काय कंपनीचा नाय.

मला भेव वाटतं. लई वाटतं. पन "हो" मपल्या जिभेवरून मी काढून टाकलंय.

तुमी शिकलेले हायेत. नळावर हात ओला असताना तुमाला तो फोन आला असता, शेजारीन म्हनती हो म्हन, नवरा म्हनतो हो म्हन, आन् तिकडं त्या मशीनवर पट्टी तशीच हाय. तुमी काय म्हनले असते?